यादवीचं अर्थशास्त्र: पाऊस पडला नाही म्हणून माणूस बंदूक उचलतो का?

पानसुपारी | शनिवार, रात्री ९:५०

आमच्या वाचनकट्ट्यावर पुढच्या महिन्यात माझी पाळी आहे. विषय मीच उत्साहाच्या भरात सांगून बसलो: देशांतर्गत युद्धांबद्दल अर्थशास्त्रज्ञांनी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत काय शोधलं. दोन आठवडे निबंध वाचतोय आणि डोक्याचं भरीत झालंय. जेवढं कळलं तेवढं टाकतो, चुकलं तिथे कान धरा.

सुरुवात पॉल कॉलियर आणि अँके हफ्लर यांच्यापासून. त्यांचा गाजलेला निबंध २००४ चा, माहिती १९६० ते १९९९ ची. म्हणणं असं की असंतोष काय, कुठेही सापडतो. बंड उभं राहतं ते पैसा आणि पोरं स्वस्तात मिळतात तिथे. कच्च्या मालाच्या निर्यातीवर चालणारा देश, कमी उत्पन्न, शाळेबाहेरचे तरुण. विषमता आणि वांशिक वैविध्य यांचा त्यांच्या हिशेबात फारसा जोर दिसला नाही. सिएरा लिओन या आफ्रिकी देशातले हिरे हे या मताचं पेटंट उदाहरण.

२००३ मध्ये जेम्स फिअरन आणि डेव्हिड लेटिन यांनी १९४५ ते १९९९ मधली १२७ युद्धं घेतली. त्यांनाही वांशिक मिश्रण दोषी सापडलं नाही. गरीब आणि दुबळं सरकार, डोंगराळ मुलूख, मोठी लोकसंख्या या गोष्टी सापडल्या.

आणि मग पाऊस. एडवर्ड मिगेल, शंकर सत्यनाथ, अर्नेस्ट सर्जेंटी, २००४. आफ्रिकेतले ४१ देश, १९८१ ते १९९९. गरिबीने युद्ध होतं की युद्धाने गरिबी येते, ही गाठ सुटेना म्हणून त्यांनी पावसाचा दोर धरला. पाऊस काही युद्धाला विचारून पडत नाही. पावसामुळे उत्पन्नात जो चढउतार झाला तेवढाच वेगळा काढायचा आणि त्याचा संघर्षाशी संबंध बघायचा. उत्तर: आर्थिक वाढ ५ टक्के-बिंदूंनी घसरली तर पुढच्या वर्षी संघर्षाची शक्यता दीडपट.

वाचताना तिन्ही पटतात, आणि मला तेच खटकतंय. कट्ट्यावर यातलं किती ठामपणे सांगू?

बिनपगारी | रात्री ९:५८

मी पैला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय. किती प्रतिसादांत धाग्याचं काश्मीर होतंय यावर कोण पैज लावतं?

कोकणकडा | रात्री १०:१२

डोंगराळ मुलूख, दूर बसलेली दुबळी सत्ता, चोरवाटा ठाऊक असलेली गावातली पोरं. फिअरन आणि लेटिन दोघे स्टॅनफर्डचे ना? मावळात यायचं होतं, एका मुक्कामात निबंध झाला असता.

बिनपगारी | रात्री १०:१४

+१. आणि पिठलं-भाकरी वर.

निषेध_नोंदवा | रात्री ११:०५

'हलके घ्या' म्हणून सोडून देता येणार नाही असं एक बोलतो.

"असंतोष कुठेही सापडतो" हे वाक्य वर्ल्ड बँकेच्या खुर्चीतून फार छान दिसतं. (कॉलियर तेव्हा तिथला संशोधन विभाग सांभाळत होते.) पण त्यांनी असंतोष मोजला कशाने? विषमतेसाठी जिनी गुणांक. तो माणसामाणसांतला फरक सांगतो, गटागटांतला नाही. एखाद्या जमातीच्या अख्ख्या मुलखातून लाकूड आणि खनिज बाहेर जातं आणि तिच्या वाट्याला फक्त जंगल खात्याचा दंड येतो, हे जिनीला दिसतच नाही. वांशिक वैविध्याचा आकडा त्याहून गमतीदार. देशातली कोणतीही दोन माणसं उचलली तर ती वेगवेगळ्या गटांची निघण्याची शक्यता किती, एवढंच तो सांगतो. त्यामागची मूळ माहिती १९६४ च्या एका सोव्हिएत ॲटलासातली. सत्ता कुणाच्या हातात आणि दाराबाहेर कोण उभं, याचा त्यात पत्ता नाही.

२०१० मध्ये सेडरमान, विमर आणि मिन यांनी नेमकं तेच मोजलं. सत्तेतून वगळलेले गट, त्यातही नुकतीच सत्ता गमावलेले, बंडाकडे जास्त वळतात असं त्यांना दिसलं. म्हणजे असंतोष मेला नव्हता, चुकीच्या पट्टीने मोजला होता. पानसुपारी, कट्ट्यावर "असंतोषाचा संबंध नाही" असं वाक्य बोललात तर मी नाशिकला येऊन निषेध नोंदवीन.

पानसुपारी | रात्री ११:२०

या, चहा माझ्याकडून. मुद्दा मान्य. कॉलियर आणि हफ्लर यांनीही २००९ मध्ये रोनर यांना सोबत घेऊन सूर बदलला. लोभ की असंतोष हा वाद बाजूला ठेवून ते "बंड करणं शक्य आहे का" या प्रश्नावर आले. शक्य असेल तिथे ते होतंच, कारण काही का असेना. मला ही थोडी पळवाट वाटली.

उपसाला_एक्सप्रेस | रविवार, पहाटे ४:३० (इथे अजून मध्यरात्रच आहे)

मी स्वीडनमधल्या ज्या गावात राहतो तिथल्या विद्यापीठात मेलेल्यांची मोजदाद होते, म्हणून थोडी भर. उपसालाच्या यादीत वर्षाला लढाईत २५ बळी गेले की 'संघर्ष', १००० गेले की 'युद्ध'. वर सांगितलेल्या निबंधांच्या याद्या सारख्या नाहीत, आणि काठावरचा एखादा देश एका यादीत आत असतो, दुसरीत बाहेर. युद्धं मुळातच थोडी. त्यातली पाच-सात इकडची तिकडे केली की कच्च्या मालाचा प्रभाव कधी दिसतो, कधी गायब. म्हणून हल्ली बरेच जण अख्खा देश एकक धरत नाहीत. जिल्हा, तालुका, नकाशावरचा चौकोन घेतात.

कोकणकडा | सकाळी ८:४०

२४ मेले तर शांतता. बरं.

रिग्रेशनराव | सकाळी १०:०२

पानसुपारी, पावसाच्या निबंधावर तुमचा सगळा डोलारा उभा आहे, म्हणून तिथेच टाचणी टोचतो.

अँतोनिओ चिकोने यांनी २०११ मध्ये तीच आकडेवारी पुन्हा उघडली. मूळ निबंधात पाऊस किती पडला हे नव्हतं, गेल्या वर्षीपेक्षा किती वाढला-घटला हे होतं. आता समजा गेल्या वर्षी धो धो पडला आणि यंदा सरासरीइतका. शेतकऱ्याच्या दृष्टीने यंदाचं साल उत्तम. पण बदलाच्या हिशेबात ही मोठी घट, जवळजवळ दुष्काळ! चिकोनेंना दिसलं की संघर्षाआधीचं साल कोरडं होतं असं नाही, दोन वर्षं आधी जास्त पाऊस झालेला होता. मिगेल आणि सत्यनाथ यांनी उत्तर दिलं, पण त्यातच हेही कबूल केलं की २००० नंतर आफ्रिकेत पाऊस आणि आर्थिक वाढ यांचा संबंधच क्षीण झालाय. दोरच तुटला तर विहिरीतून पाणी कसं काढणार?

दुसरी टाचणी आपल्या देशातली. हेदर सारसन्स, २०१५. पद्धत इतकी साधी की मला हेवा वाटला. धरणाखालच्या जिल्ह्यांत कालव्याचं पाणी असतं, तिथलं उत्पन्न पावसावर कमी अवलंबून. पाऊस जर उत्पन्नाच्या वाटेनेच दंगलीपर्यंत पोचत असेल, तर धरणाखाली हा संबंध पुसट व्हायला हवा. तो झाला नाही. म्हणजे पावसाला दंगलीकडे जायची दुसरी वाट आहे आणि ती आपल्याला माहीत नाही.

चहाबिस्किट | सकाळी १०:३०

वाचनखूण साठवली. निम्मं कळलं, निम्मं रात्री.

जात्यावरची | दुपारी १:१५

मला गणितातलं कळत नाही, पण शीर्षकातल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे. ७२ साली मी नऊ वर्षांची होते, सांगोल्याकडे. तीन वर्षं आभाळाने तोंड दाखवलं नव्हतं. आई आणि थोरली बहीण खडी फोडायला जायच्या. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, कारण ठिणगीसारखे कपचे उडायचे. खडीचा ढीग चौकोनी रचायचा आणि मग मिस्त्री येऊन फुटपट्टी लावायचा. त्याच्या मापात ढीग नेहमी आखूड भरायचा. रेशनवर लाल मिलो ज्वारी, त्याची भाकरी थापताना फाटायची. आम्हा पोरांना सुकडी. भूक होती, राग तर होताच. पण बंदूक कुणी उचलली नाही. का नाही उचलली ते तुम्ही सांगा.

पानसुपारी | दुपारी १:४०

ताई, तुमचा प्रतिसाद कट्ट्यावर वाचून दाखवला तर चालेल का?

रिग्रेशनराव | दुपारी २:०५

ताईंनी एका परिच्छेदात थीमो फेत्झर यांचा निबंध लिहिला आहे. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर महाराष्ट्रात जवळपास ५० लाख माणसं होती. त्यातून आपला रोजगार हमीचा कायदा १९७७ चा, आणि त्याच्या धर्तीवर २००५ चा केंद्राचा. फेत्झर यांनी नक्षलग्रस्त भागासह देशभरची आकडेवारी बघितली. केंद्राची रोजगार हमी येण्याआधी मान्सून वाईट गेला की हिंसा वाढायची. आल्यानंतर हा संबंध जवळपास नाहीसा झाला. ढीग आखूड भरला तरी मजुरी हातात येत होती ना.

निषेध_नोंदवा | दुपारी २:३०

थांबा. गौरव खन्ना आणि लॉरा झिमरमान यांनी नेमकं उलटं दाखवलंय. योजना आल्याबरोबर हिंसा वाढली. आता दोन अभ्यास, एकच योजना, एकच देश आणि उत्तरं उलटी. यालाच तुम्ही शास्त्र म्हणता?

रिग्रेशनराव | दुपारी ३:१०

म्हणतो, कारण दोघांचे प्रश्न वेगळे आहेत. फेत्झर विचारतात: पाऊस चुकल्यावर हिंसा किती उसळते? खन्ना-झिमरमान विचारतात: योजना आल्यावर पहिल्या काही महिन्यांत हिंसा वर गेली की खाली? त्यांना सापडलेली वाढ मुख्यतः पोलिसांच्या कारवायांतली आहे. सरकारकडून काहीतरी मिळेल असं दिसू लागलं की गावकरी पोलिसांना माहिती देतात, चकमकी वाढतात, आणि मग खबऱ्या ठरवून गावकऱ्यांवर सूड. शेवटचा भाग ऑलिव्हर वांदेन आयंद यांच्याही अभ्यासात आहे: दुष्काळ पडला की खबरी असल्याच्या संशयावरून नागरिकांवरचे हल्ले वाढतात, कारण भुकेला माणूस पैशासाठी माहिती विकेल अशी भीती.

तिसरा अभ्यास दासगुप्ता, गावंडे आणि कपूर यांचा, २०१७. हिंसा घटली, पण मुख्यतः जिथे राज्याची यंत्रणा योजना राबवू शकली तिथे. मजुरी सहा महिन्यांनी मिळणार असेल तर कागदावरच्या हमीने कोण थांबणार?

वहीखाते | दुपारी ४:४५

सगळे आफ्रिकेत नाहीतर जंगलात. आपल्याकडचं जुनं उदाहरण कुणी काढत नाही म्हणून मी काढतो. १२ मे १८७५, सुपे, पुणे जिल्हा. बाजाराचा दिवस. शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं गाठली, वह्या आणि कर्जरोखे मागितले आणि जाळले. पुण्या-नगरकडच्या गावांत लोण पसरलं. शाळेत शिकवलेली साखळी अशी: अमेरिकेत यादवी (१८६१ ते १८६५), तिथला कापूस बंद, इथे कापसाचे भाव गगनाला, सावकार हात सैल सोडतो. तिकडे युद्ध संपतं, इकडे भाव कोसळतो, त्यात शेतसारा वाढलेला. एका देशातल्या यादवीने दुसऱ्या देशात दंगा. आहे का तुमच्या आफ्रिकेत असं काही?

रिग्रेशनराव | दुपारी ५:२०

सुंदर उदाहरण. फक्त एक शंका, सुप्याला कापूस किती होता हो?

वहीखाते | दुपारी ५:५५

पकडलंत. नील चार्ल्सवर्थ या इतिहासकाराने १९७२ मध्ये हाच आक्षेप घेतला होता. हा भाग ज्वारी-बाजरीचा, कापसाचा खरा पट्टा खानदेश आणि वऱ्हाड, आणि दंगे तिथे झाले नाहीत. दंग्यांचा आवाकाही फुगवून सांगितला गेला असं त्याचं मत. मला मात्र एक गोष्ट अजून महत्त्वाची वाटते. जमावाला सावकाराचा जीव नको होता, वही हवी होती. वही दिली की सुटका. उपसालाच्या यादीत ही घटना शून्य बळी म्हणून गळली असती. पण तो शंभर टक्के आर्थिक संघर्षच होता.

उपसाला_एक्सप्रेस | रात्री ८:१०

गळली असती, खरंय. लागलं ते. :)

संपादक मंडळ | रात्री ८:३०

मधले चार प्रतिसाद काढून टाकले आहेत. धाग्याचा विषय अर्थशास्त्र आहे, कुठला पक्ष देशद्रोही आहे हा नाही.

बिनपगारी | रात्री ८:३१

पैज! पैज! २१ वा प्रतिसाद!

पानसुपारी | रात्री ९:१५

संपादकांचे आभार. मी दिवसभर कोलंबिया वाचत होतो, आणि आतापर्यंतचं सगळ्यात पटलेलं तेच. ओइंद्रिला दुबे आणि हुआन वार्गास, २०१३. एकाच देशातल्या वेगवेगळ्या तालुक्यांची तुलना. १९९७ ते २००३ मध्ये कॉफीचा भाव ६८ टक्क्यांनी पडला, आणि कॉफीच्या तालुक्यांत हिंसा वाढली. तेलाचा भाव चढला, आणि तेलाच्या तालुक्यांतही हिंसा वाढली! एकीकडे भाव पडून, दुसरीकडे भाव चढून. कॉफीला हात लागतात, भाव पडला की मजुरी पडते आणि माणूस बंदुकीच्या पगाराला राजी होतो. तेलाला हात लागत नाहीत, भाव चढला की नगरपालिकेच्या तिजोरीत रॉयल्टी येते आणि तिच्यावर धाड घालायला टोळ्या येतात. "गरिबीने हिंसा होते का" या प्रश्नाला एक उत्तर नाहीच. कोणत्या मालाचा भाव हलला आणि तो पैसा कुणाच्या खिशात जातो, ते आधी विचारायचं. कट्ट्यावर यावरच थांबावं असं वाटतंय.

एटापल्लीचा_फाटा | रात्री १०:४०

बरेच दिवस नुसता वाचतो, आज लिहितो. गडचिरोली जिल्ह्यात महसूल खात्यात कारकुनी करून निवृत्त झालो. कोणता तालुका ते राहू द्या.

पानसुपारी, तुमचं कॉफी-तेल आमच्याकडे एकाच रस्त्यावर आहे. मे महिन्यात तेंदूपत्ता. पहाटे तीन-चारला अख्खं घर जंगलात, दुपारी मोहाच्या सावलीत बसून पानं जुळवायची, पुडके बांधायचे, संध्याकाळी फळीवर मोजून द्यायचे. वर्षाची रोख रक्कम त्या पंधरा-वीस दिवसांत. ही तुमची कॉफी. आणि वर डोंगरात सुरजागडचं लोखंड, ते तुमचं तेल. २०१६ च्या डिसेंबरात तिथे वाहनं पेटवली ती बातमी तुम्ही वाचली असेल.

पण एक सांगतो, तेंदू तुमच्या पुस्तकात बसत नाही बाप्पा. पानाला भाव आला की मजुराला चार पैसे जास्त मिळतात हे खरं. पण त्याच भावावर ठेकेदाराकडून जंगलातली खंडणीही वाढते. हात लागणारा माल आणि लुटीचा माल एकच. भाव चढला तर हिंसा वाढावी की घटावी, सांगा बरं. वनहक्काच्या कायद्यानंतर ग्रामसभा स्वतः लिलाव करू लागल्या तेव्हा हिशेब आणखी बदलला.

रिग्रेशनराव | रात्री ११:००

काका, याला म्हणतात शिक्षण. लोखंडाबद्दल जोडतो: शापिरो आणि वांदेन आयंद यांचा अभ्यास आहे. २००९ मध्ये लोहखनिजाची रॉयल्टी टनामागे ठरावीक रकमेऐवजी किमतीच्या १० टक्के झाली, राज्यांचं उत्पन्न कितीतरी पटींनी वाढलं, आणि मोठे लोहसाठे असलेल्या जिल्ह्यांत हिंसा तीव्र झाली. तिथे लोभ बंडखोरांचाच असतो असं नाही. सरकारलाही तो डोंगर अचानक हवासा होतो.

निषेध_नोंदवा | रात्री ११:०४

रिग्रेशनरावांशी सहमत. तारीख लिहून ठेवा.

एटापल्लीचा_फाटा | सोमवार, सकाळी ७:१५

मूळ प्रश्न पावसाचा होता, त्यावर राहिलंच. तुमच्या सगळ्या निबंधांत पाऊस येतो, तो मी मोजलेला आहे.

कचेरीच्या आवारात पर्जन्यमापक होतं. रोज सकाळी साडेआठला झाकण काढून आतलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओतायचं, मिलिमीटर वाचायचे, वहीत लिहायचे. २८ जुलै ते ३ ऑगस्ट नक्षल्यांचा शहीद सप्ताह. ऐन पावसाळा. एसटी बंद, बाजार बंद. मोजणारा शिपाई नाल्यापलीकडे राहायचा, तो आठवडाभर यायचा नाही. मग चार तारखेला भांड्यात असेल ते सगळं पाणी एकाच दिवसाच्या रकान्यात, किंवा भांडं भरून वाहिलं असेल तर अंदाजे. वहीत आठवडा कोरडा आणि एक दिवस ढगफुटी. मी सही करायचो, खोटं कशाला बोलू.

उलटंही होतं. पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटतं. रस्ता नाही, म्हणून गस्त नाही, म्हणून बातमीही नाही. त्या दिवसांत काही घडलंच नाही असं नाही, कळलं नाही एवढंच. रावांनी विचारलं होतं ना, पावसाची दुसरी वाट कोणती? एक तर हीच, पुलावरून जाते.

रिग्रेशनराव | सकाळी ९:३०

खुर्चीतून उठून उभा राहून वाचलं. २०१९ मध्ये शुल्ट्झ आणि मँकिन यांनी आफ्रिकेबद्दल हेच दाखवलं होतं: संघर्ष पेटला की हवामान केंद्रांच्या नोंदी गळतात. म्हणजे हवा युद्धाला विचारून बदलत नाही, पण हवेची नोंद बदलते. पानसुपारी, तुमच्या पहिल्या पोस्टमधल्या "पाऊस काही युद्धाला विचारून पडत नाही" या वाक्याला तळटीप लागणार.

पानसुपारी | सकाळी ११:१०

टिपणाचा क्रम बदललाय. सुरुवात काकांच्या वहीने, मग सारसन्सची धरणं, मग कोलंबिया, शेवटी तेंदू, कारण ते कुठेच बसत नाही. कॉलियर-हफ्लर पाच मिनिटांत उरकतो. "दीडपट" हा आकडा सांगीन, पण चिकोनेसकट. वहीखाते, सुपे घेतोय, कापूस गाळून.

काका, ती वही अजून असेल का हो कुठे?

एटापल्लीचा_फाटा | सकाळी ११:४५

वही दप्तरात गेली असेल, नाहीतर वाळवीत. आता म्हणे यंत्र बसलंय, ते आपोआप मोजतं. जुनं काचेचं मोजपात्र रद्दीत टाकत होते तेव्हा मागून घेतलं. कपाटावर आहे. वीस मिलिमीटरच्या खुणेपाशी टवका उडालाय, तिथे तेव्हाही अंदाजच लिहायचो.